सासूबाईंच्या पाटल्या परत मिळाल्या: घरफोडीनंतरच्या नऊ महिन्यांचा अनुभव

गुण आधीच सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन. दीड गुण कुठे गेला ते पुढे येईलच. पण साडेतीन दिले ते मनापासून दिलेत, कारण एवढं तरी मिळेल असं फेब्रुवारीत आमच्या घरात कोणालाच वाटत नव्हतं.

हा अनुभव एखाद्या दुकानाचा किंवा खानावळीचा नाही. घर फुटल्यापासून ऐवज हातात पडेपर्यंत पोलीस, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायालय अशा पाच ठिकाणांहून आम्हाला जी सेवा मिळाली, तिचा आहे. आपण मिक्सर घेताना दहा जणांना विचारतो. पण अशी वेळ आली तर पुढे काय होतं, हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

माझ्याबद्दल एवढंच की मी टपाल खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली अकरा वर्षं नोंदणी आणि विमा टपालाच्या खिडकीवर गेली. विम्याचं पाकीट घेताना आम्ही लाखेचे सील मोजायचो आणि वजन ग्रॅममध्ये अचूक लिहायचो. पुढच्या हातात देताना त्या माणसाची सही घ्यायचो. पुढचा माणूस डोळे झाकून सही करत नसे. तोही वजन करून बघायचा. त्यामुळे एखादी वस्तू एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा माझं लक्ष आपोआप त्या देवाणघेवाणीच्या जागेवरच जातं. या सगळ्या प्रकरणात जे चांगलं झालं आणि जे बिघडलं, ते दोन्ही मला तिथेच दिसलं.

फेब्रुवारी २०२५. भाचीच्या लग्नाला आम्ही दोघं साताऱ्याला दोन रात्री होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला, "ताई, तुमच्या दाराचा कडीकोयंडा उचकटलाय." कर्वेनगरला पोचेपर्यंत ह्यांनी गाडीत एक शब्द काढला नाही. कपाट सताड उघडं होतं आणि साड्यांचा ढीग जमिनीवर. सासूबाईंच्या पाटल्या, माझ्या आईची ठुशी, चांदीचं ताम्हन आणि पळी, अठरा हजार रोख, सगळं गेलं होतं.

वहिनींनी आम्ही येण्याआधीच ११२ ला फोन लावला होता. गाडी लगेच आली, आणि आलेल्या हवालदारांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दारातच उभं राहून कोणालाही आत जाऊ दिलं नाही. आम्हालासुद्धा. ह्यांना राग आला, पण त्या माणसाचं अगदी बरोबर होतं, आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं. नवीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेसाठी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियम आला. त्यात असं ठरलंय की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन पुरावा गोळा करायचा. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. आमच्याकडे दुपारी ठसेतज्ज्ञ आले.

त्या गृहस्थांचं काम मी तास-दीड तास बघत उभी होते. पातळ ब्रशने राखाडी पूड कपाटाच्या मुठीवर फिरवली, आरशाच्या कडेवर फिरवली, तिथे काही मिळालं नाही. मग स्वयंपाकघरात गेले. मी म्हटलं, इकडे काही गेलेलं नाही. ते म्हणाले, "मावशी, बायका पैसे कुठे ठेवतात ते चोरांना माहीत असतं." ओट्यावरच्या फळीवर डबे ओळीत होते. पोह्यांचा डबा जरा पुढे ओढलेला होता. त्याच्या झाकणाच्या कडेवर पूड फिरवली आणि अंगठ्याचा ठसा असा उमटला की चष्मा न लावताही रेषा दिसाव्यात. चिकटपट्टीने तो उचलला, कार्डावर चिकटवला, तारीख, वेळ आणि जागा लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या. नंतर ह्यांचे, माझे आणि आमच्या कामवाल्या मावशींचेही ठसे घेतले, घरातल्या माणसांचे ठसे बाजूला काढता यावेत म्हणून. मावशी घाबरल्या होत्या. त्यांना त्यांनी शांतपणे समजावलं की हा संशय नाही, वजाबाकी आहे. या माणसाला पाचपैकी पाच.

दरम्यान एक पोलीस सगळ्या पंचनाम्याचं मोबाइलवर चित्रीकरण करत होते. शेवटी त्यांनी स्वतःचाही फोटो काढला, जागेवर हजर असल्याची नोंद म्हणून. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जातं. तेव्हा मला वाटलं, चला, एक उपचार झाला. त्या चित्रीकरणानेच पुढे आमच्या पाटल्या सोडवल्या.

रात्री फिर्याद. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. ठाणे अंमलदारांनी नीट बसवून घेतलं, पाणी दिलं आणि संगणकावर टाइप करता करता प्रत्येक वाक्य वाचून दाखवलं. पाटल्यांचं वजन मी अंदाजाने सांगितलं नाही. २०२२ साली त्या पॉलिशला दिल्या होत्या तेव्हाची सराफाची पावती माझ्याकडे होती, ३८.४०० ग्रॅम. ते तसंच लिहिलं. न्याय संहितेचं कलम ३३१ आणि ३०५ लागलं, म्हणजे घरफोडी आणि राहत्या घरातली चोरी. प्रत फुकट मिळाली, ती कायद्यानेच मिळते. कोणी झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि मग शांतता. मार्च गेला, एप्रिल गेला. तपास अधिकाऱ्यांचा फोन उचलला जात नव्हता. ठाण्यात गेलं की "साहेब बंदोबस्तावर आहेत". नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवलं पाहिजे, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदत संपत आली तरी ते आम्हाला आपणहून कोणी कळवलं नाही. शेवटी ऐंशीव्या दिवशी मी लेखी अर्ज दिला, कलमाचा उल्लेख केला आणि आवक शिक्का मारून प्रत घेतली. पाऊण गुण इथे कापला. माझ्या शेजारी त्या दिवशी बसलेल्या एका बाईंची सायकलच्या दुकानातली रोकड गेली होती. त्यांना हे कलम माहीत नव्हतं. त्या चौथ्यांदा आल्या होत्या. फोनवरून दोन ओळींचा निरोप गेला असता तर त्यांचे चार दिवस वाचले असते.

अर्जानंतर पाचव्या दिवशी फोन आला आणि तो चांगल्या बातमीचा होता. ठसा जुळला.

हे कसं घडलं ते मी नंतर विचारून घेतलं, कारण मला त्याचं खरंच अप्रूप वाटलं. ठशांवरून माणूस शोधायचं जगातलं पहिलं कार्यालय आपल्याच देशात, कलकत्त्यात, १८९७ साली सुरू झालं. तेव्हा कार्डांच्या गठ्ठ्यांतून हाताने शोधायचे. आपल्या राज्याचं अंगुली मुद्रा केंद्र गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे आणि त्या विभागाचं मुख्यालय पुण्यातच, पाषाण रस्त्याला. आता राज्याची संगणक प्रणाली आहे, आणि २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवरही एक आहे, जिच्यात सगळ्या राज्यांतल्या आरोपींचे ठसे एकत्र शोधता येतात. पोह्यांच्या डब्यावरचा अंगठा त्यात टाकला, तर तो माणूस दुसऱ्याच एका जिल्ह्यात, दुसऱ्याच घरफोडीत अटक होऊन तिथल्या तुरुंगात बसलेला निघाला.

पूर्वी काय झालं असतं हे मला घरच्याच उदाहरणावरून माहीत आहे. १९९४ साली माझ्या भावाची बजाज चेतक चोरीला गेली. दोन महिन्यांनी सापडली, पण दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. त्या ठाण्याला आमच्या ठाण्याची फिर्याद माहीत नव्हती आणि आमच्या ठाण्याला गाडी सापडल्याचं माहीत नव्हतं. भावाच्या मित्राने ती तिथल्या आवारात ओळखली. मग कागदपत्रं, मग कोर्ट, आणि गाडी घरी आली तेव्हा तिच्या पत्र्यातून बोट आरपार जायचं. भाऊ आजही त्या गाडीबद्दल बोलत नाही.

आता देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडलेली आहेत. ती योजना २००९ साली मंजूर झाली, २६/११ च्या नंतर. त्याच्यावर आणखी एक मोठं काम चालू आहे. पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी अभियोग या पाचही खात्यांचे संगणक एकमेकांशी बोलते करायचे. त्याच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले. तत्त्व असं की माहिती एकदाच भरायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. हे मी नंतर वाचलं, पण त्याचा फायदा आधीच अनुभवला होता. आमच्या ठाण्याने तुरुंगाची नोंद बघितली, माणूस आत आहे याची खात्री केली, न्यायालयाकडून वॉरंट घेतलं आणि ताबा मिळवला. ठसा जुळल्यापासून दोन आठवड्यांत तो पुण्यात चौकशीला होता. तीन खाती, दोन जिल्हे, आणि आम्हाला एकही हेलपाटा नाही. मला कोणी विचारलं की सरकारी खाती एकत्र काम करतात म्हणजे काय, तर मी हे दोन आठवडे सांगेन.

जूनमध्ये त्याने सांगितल्यावरून एका सराफाकडून पाटल्या आणि ताम्हन जप्त झालं. पळी गेलीच. रोख गेलीच. आईची ठुशी मात्र वितळवलेली होती. आणखी दोघांच्या सोन्यात मिसळून तिची लगड झाली होती. हे मला ठाण्यातल्या एका महिला पोलिसांनी सांगितलं. आधी त्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसून घेतलं आणि मग सांगितलं. त्यांचं नाव लिहायला त्यांची परवानगी नाही, पण त्यांची आठवण मी ठेवली आहे.

आता मुद्देमाल परत मिळवायचा. हे काम आपोआप होत नाही, न्यायालयात अर्ज द्यावा लागतो. मला वाटत होतं वकिलाची फी पाटल्यांच्या निम्मी होईल. बहिणीच्या सुनेने सांगितलं, "मावशी, बायकांना सरकारी वकिली मदत फुकट असते, उत्पन्न कितीही असो." ते खरं निघालं. १९८७ च्या कायद्यातच ती तरतूद आहे. १५१०० या नंबरवर विचारलं आणि शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. मेट्रोने जा, दोन्ही मार्ग तिथेच एकमेकांना मिळतात आणि स्थानकाचं नावच जिल्हा न्यायालय आहे. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट शोधून ठेवा, स्थानक फार खोल आहे. अर्ज भरला, आधारची प्रत दिली, आणि काही दिवसांत एक वकीलबाई मिळाल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या भेटीतच त्यांनी माझ्याकडची पावती, फिर्यादीची प्रत आणि पाटल्या घातलेले फोटो मागितले. सासूबाईंचा साठीशांतीचा फोटो होता, हात जोडलेला, दोन्ही मनगटं स्पष्ट. तो पाहून त्या म्हणाल्या, "काकू, हा फोटो म्हणजे साक्षीदारच आहे." या सेवेला पूर्ण गुण. एक रुपया लागला नाही.

त्यांनीच मला सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात, जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिन्यापेक्षा जास्त पडून राहू नयेत असं म्हटलंय. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. नव्या संहितेत तर मुदतच घातली आहे: वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिचं काय करायचं त्याचा आदेश. मनात हिशेब केला, ऑगस्टअखेर पाटल्या घरी.

पहिली तारीख. न्यायालयाने पोलिसांचा से मागवला होता, म्हणजे त्यांचं म्हणणं. आला नाही. दुसरी तारीख. आला नाही. तपास अधिकारी बदलून गेले होते आणि नव्यांनी अजून फाइल उघडली नव्हती. तिसऱ्या तारखेला आला, आणि त्यात लिहिलं होतं: जप्त पाटल्यांचं वजन ३४.८०० ग्रॅम, फिर्यादीतलं वजन ३८.४००, सबब वस्तू फिर्यादीचीच असल्याबाबत खात्री होत नाही.

साडेतीन ग्रॅमहून जास्त फरक. माझे हातपाय गार पडले. कोणीतरी कापून घेतलं की काय, हा पहिला विचार. दुसरा विचार आला तो खिडकीवरच्या अकरा वर्षांनी दिला. मी ते दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. आठ आणि चार. फक्त जागा बदललेल्या. मी वकीलबाईंना म्हटलं, हे सोनं कमी झालेलं नाही, हे टाइप करताना उलटं पडलंय.

पण ते सिद्ध कसं करायचं? जप्ती पंचनाम्यात ३४.८००. त्यावरून मुद्देमाल नोंदवहीत ३४.८००. त्यावरून संगणकात. तिथून न्यायालयाच्या यादीत, तिथून पोलिसांच्या से मध्ये. पाच ठिकाणी तोच आकडा, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणाहून उतरवून घेतलेला. एकाही हाताने पाटल्या पुन्हा काट्यावर ठेवल्या नव्हत्या. एकदाच भरलेली माहिती सगळ्यांनी वापरायची हे तत्त्व चांगलंच आहे, पण ती पहिली नोंद चुकीची असली तर चूकही तितक्याच सहज सगळीकडे पोचते, आणि पाच कागदांवर एकच आकडा दिसला की तो खराच वाटू लागतो. आमच्याकडे पुढचा कारकून विम्याचं पाकीट पुन्हा का तोलायचा, ते मला त्या दिवशी नव्याने कळलं. उरलेले पाऊण गुण इथे गेले. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांच्यावर माझा राग नाही. रात्री अकरा वाजता चौथा पंचनामा टाइप करणाऱ्या माणसाकडून आकडा उलटा पडू शकतो. राग याचा आहे की मधल्या चार टेबलांवर कोणी काटा वापरला नाही.

मार्ग काढला तो सरकारी वकिलांनी, म्हणजे ज्यांनी आमच्या अर्जाला हरकत घेतली असती तरी चाललं असतं त्यांनी. वकीलबाईंनी त्यांना पावती दाखवली. त्यांनी ती वाचली, जप्तीची तारीख बघितली आणि नव्या तपास अधिकाऱ्यांना फोन लावून विचारलं, "जप्तीचं चित्रीकरण झालंय ना? त्यात वजनकाटा दिसतो का?"

दिसत होता. पुढच्या तारखेला ते न्यायालयात लावलं. सराफाच्या दुकानातली काच, पंचांपैकी एकाचा चौकड्यांचा शर्ट, कोणाचा तरी आवाज "पंखा बंद करा, काटा हलतोय". पंखा थांबला. आकडे थोडे खालीवर झाले आणि स्थिर झाले. लाल अक्षरात ३८.४००. मॅजिस्ट्रेटबाईंनी चित्र तिथेच थांबवायला सांगितलं आणि आकडा मोठ्याने वाचला. ठाण्याने त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अहवाल दिला. तीन महिने ते चित्रीकरण साठवलेलं होतं. प्रश्न विचारला तेव्हा एका मिनिटात उत्तर मिळालं.

याच फेऱ्यांमध्ये एक गोष्ट झाली, ती लिहायची की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बाई बसायची. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. तिसऱ्या तारखेला तिने मला विचारलं, "ताई, माझ्या पोराची तारीख कवा हाय, सांगता का? समदे पळत्यात, कोनी थांबत न्हाई." नाव विचारलं. तिने सांगितलं. ते आमच्याच प्रकरणातल्या आरोपीचं नाव होतं.

ती पहाटेच्या एसटीने आली होती. त्याला त्या दिवशी न्यायालयात आणलंच नव्हतं, तुरुंगातून पडद्यावर हजर केलं होतं, आणि ते काम सकाळीच संपलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी फोन काढला. ई-कोर्टच्या अॅपमध्ये प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरी नंबर असतो, पुण्याचा एमएचपीयूने सुरू होतो. तो माझ्याकडे होताच. पुढची तारीख निघाली. मी ती एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिली, खाली नंबरही लिहिला, आणि गावातल्या कोणाकडून तरी फोनवर बघून घ्यायला सांगितलं. मी कोण ते तिला सांगितलं नाही. वकीलबाईंनी तिला कार्यालयात नेऊन बसवलं, मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळालाय त्याचं नाव दिलं आणि तुरुंगातल्या माणसाशी घरबसल्या पडद्यावर भेटायची सोय कशी वापरायची ते समजावलं. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय अशी. त्या प्रत्येकाचं कोणीतरी असं बाकावर बसत असेल. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला तर त्याला बंधपत्रावर सोडण्यासाठी तुरुंगाच्या अधीक्षकांनीच न्यायालयाला कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं. तिच्या मुलावर बऱ्याच केसेस आहेत, त्याला ते लागू होणार नाही. तरी पुढची तारीख तिला कळायला हवी, असं मला वाटतं. त्याने माझं घर फोडलं, त्याची शिक्षा त्याला व्हावी हेही मला तेवढंच वाटतं.

ऑक्टोबरच्या शेवटी आदेश झाला. बंधपत्र लिहून दिलं, की निकाल लागेपर्यंत पाटल्या मोडणार नाही, विकणार नाही, मागितल्या तर हजर करीन. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात बोलावलं.

मुद्देमाल कारकुनांनी पाकीट टेबलावर ठेवलं. खाकी कागद, सुतळी, लाखेचे सील, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. मी म्हटलं, उघडण्याआधी सील मोजू द्या. ते हसले नाहीत, पाकीट माझ्याकडे वळवलं. चार होते, चिठ्ठीवरही चार. मग त्यांनी सुतळी कापली. पाटल्या कापसात होत्या. मी आधी आतल्या बाजूने बोट फिरवलं. सोनाराचा ठसा, आणि त्याच्या जवळ एक छोटासा खळगा. सासूबाई उखळात काहीतरी कुटत असताना एकदा मुसळ निसटलं होतं, तेव्हाचा. खळगा होता. मी त्यांना म्हटलं, आता वजन करा. काटा आणला, पंखा बंद केला, ३८.४००. मी सही केली, वेळ लिहिली. ह्यांनी ताम्हन छातीशी धरलं होतं.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी: दागिन्यांचं वजन आजच करून घ्या, पावती ठेवा, फोटो काढून ठेवा, आतल्या ठशाचासुद्धा. फिर्यादीतला आणि जप्ती पंचनाम्यातला आकडा स्वतः ताडून बघा. अर्ज दिला की आवक शिक्का घ्या. प्रकरणाचा सोळा अक्षरी नंबर लिहून ठेवा. खात्यांना माझी विनंती एकच आहे. वस्तू एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी काट्यावर ठेवा. अर्धं मिनिट लागतं.

ठुशीची लगड अजून मुद्देमाल खोलीत आहे. तिघांच्या सोन्याची असल्यामुळे तीन ठाण्यांचे से एकत्र यायला हवेत. दोन आलेत, तिसरं ठाणं दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे. त्यांच्याकडच्या फिर्यादी बाईंशी माझं फोनवर बोलणं झालं. त्यांची चार पदरी मोहनमाळ होती. पावती नाही, पण लग्नातला फोटो आहे. तो घेऊन यायला मी त्यांना सांगितलंय. त्या एसटीने शिवाजीनगरला उतरतील, मी त्यांना तिथून घेईन. बारा तारखेला अकरा वाजता पुकारा आहे.